झड, रपटा आणि अँबॅसिडर

आमच्या झाडीपट्टीत पावसाचे दोन प्रकार. येतो आणि जातो, तो पाऊस. येतो आणि मुक्कामाला बसतो, ती झड. झडीला जोर फार नसतो, पण खंडही नसतो. दोन दिवस, तीन दिवस, कधी कधी आठवडा. धानाच्या बांध्या भरतात, रोवणीवाल्या बाया चिखलात उभ्या राहून गाणी म्हणतात, घरात कपडे वाळत नाहीत, आणि ज्याला रस्त्याने लांब जायचं आहे तो सारखा दारात येऊन आभाळाकडे बघतो.

आज लिहायचंय ते या झडीतून जुनी मोटार हाकण्याबद्दल. विंटेज गाड्यांच्या रॅलीत त्या गाड्या उन्हात चमकताना दिसतात. पण त्या गाड्यांचा खरा इतिहास पावसात घडला, असं मला वाटतं.

आधी रस्त्याबद्दल थोडं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्या काळात इंग्रजांनी नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी करत रायपूरला जाणारा मोठा रस्ता वापरात आणला. त्याचं नाव ग्रेट ईस्टर्न रोड. रायपुरात आजही लोक त्याला जी. ई. रोडच म्हणतात. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रीय महामार्ग सहा झाला, आणि २०१० नंतरच्या नव्या क्रमांकांत त्रेपन्न. रेल्वेने मात्र वेगळी वाट धरली. ती गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी उत्तरेकडून गेली. म्हणून गोंदिया शहर वाढलं ते रेल्वेवर, आणि महामार्ग राहिला चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला. रस्त्याने रायपूरला निघालेल्या गोंदियाकराला आधी गोरेगाववरून कोहमाऱ्याला उतरावं लागतं, मग तिथून देवरीकडे वळायचं.

आणि या सगळ्या मुलखात पाणी! १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस, वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या, शिवाय कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव. झड लागली की तलाव सांडव्यावरून वाहू लागतात आणि ते पाणी नाल्यांना येतं. मोठ्या नद्यांवर पूल होते, पण आतल्या रस्त्यांवर नाल्यानाल्याला रपटे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातच बांधलेला ठेंगणा पूल. पाणी वाढलं की त्याच्या वरून जाणार, हे धरूनच तो बांधलेला असतो. म्हणजे वर्षातले काही दिवस रस्ता बंद राहणार, हे बांधणाऱ्यालाही मान्य होतं आणि वापरणाऱ्यालाही.

या रस्त्यांवर १९५७-५८ नंतर अँबॅसिडर आली. मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने बंगालात उत्तरपाड्याला बनवलेली. तिची सवत म्हणजे मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत घेणाऱ्याला निवड जवळजवळ या दोघींतच. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि आली की ती गाडी नातवंडांपर्यंत वापरायची.

आता खरं सांगायचं तर पावसात अँबॅसिडर ही काही शूर गाडी नव्हती. आमच्या काकांची पांढरी अँबॅसिडर घरातल्या सगळ्यांना आठवत असेल. दरवाज्यांची रबरं गेली की पाणी आत, पायाखाली गोणपाट अंथरलेलं. वायपर एका लयीत कुरकुरत फिरायचे. काच आतून धुरकट व्हायची, म्हणून पुढे बसलेल्याच्या हातात कायम एक फडकं. सगळ्यात नाजूक भाग म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. प्लगांना ठिणगी वाटून देणारा हा डबा एकदा ओला झाला की इंजिन फटफट करत बंद. आणि गंमत अशी की त्याला भिजवायचं काम गाडीचाच पंखा करायचा. रेडिएटरमागचा पंखा पाण्याला टेकला की फवारा थेट इंजिनवर.

यावर ड्रायव्हर लोकांनी उपाय शोधले होते. पाण्यात घालण्याआधी पुढच्या जाळीवर पोतं बांधायचं, म्हणजे पाण्याची लाट आत येत नाही. नाहीतर पंख्याचा पट्टाच काढून ठेवायचा. डिस्ट्रिब्यूटरवर प्लास्टिकची पिशवी. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, मध्ये सोडायचा नाही, कारण सोडला की सायलेन्सरमधून पाणी मागे शिरतं. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबून थोडं अंतर चालवायचं, म्हणजे ड्रममधले ओले लायनर घासून सुकतात. हे न करता पुढच्या उतारावर ब्रेक मारला तर पाय खाली जायचा, गाडी काही थांबायची नाही.

आणि वायपर बंद पडले तर? तर तंबाखू! आमचा मुलूख तेंदूपानाचा आणि बिडीचा. ड्रायव्हरने खिशातल्या दोन बिड्या उकलायच्या, आतली तंबाखू ओल्या काचेवर चोळायची. मग थेंब काचेवर गोळा न होता पाणी पातळ पसरून वाहतं आणि समोरचं बऱ्यापैकी दिसतं. हा उपाय देशभरातले ट्रकवाले करत. आमच्याकडे सामान तेवढं हाताशी असायचं.

पण या सगळ्या युक्त्यांच्या आधी एक गोष्ट असायची, आणि आज ही पोस्ट लिहायचं कारण तीच आहे. रपट्याशी गाडी थांबायची. ड्रायव्हर खाली उतरायचा. कडेला रोवलेले दगड पाण्यावर दिसतात का ते बघायचा. गावातला कोणीतरी पलीकडून चालत येत असेल तर पाणी त्याच्या घोट्याला लागतं की गुडघ्याला, हे बघायचा. पाणी चढतंय की उतरतंय, ते कळायला काठावर एक काडी खोचून विडी ओढत बसायचा. दगड दिसत नसतील तर विषय संपला. मग जवळच्या टपरीवर चहा, नाहीतर कोणाच्या पडवीत बसणं. दोन तास, चार तास, प्रसंगी रात्र. रपट्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक, एस. टी., बैलबंड्या अशी सगळी रांग लागायची आणि कोणालाही त्यात आपला अपमान झाल्यासारखं वाटत नसे.

का थांबत होते? ते आपल्यापेक्षा शहाणे होते म्हणून? मला तसं वाटत नाही. गाडी त्यांना थांबवत होती. आपण कुठे कच्च्या आहोत हे ती लपवायची नाही. पाणी पायाला लागायचं, इंजिनचा आवाज बदललेला कानाला कळायचा, ब्रेकचा भरवसा नाही हे पावलाला कळायचं. त्यामुळे माणूस आपोआप पाण्याला मान द्यायचा.

आताच्या गाडीत काचा बंद, ए. सी. चालू, गाणी चालू. बाहेरची झड हे काचेवरचं चित्र. समोरचं पाणी किती खोल आहे हे शरीराला कळतच नाही. पण पाण्याचा हिशोब बदललेला नाही. दोनेक फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी उचलून नेऊ शकतं, मग ती कितीही महाग असो. इंजिनने हवेच्या वाटेने पाणी ओढलं तर ते आतून मोडतं, आणि तिथे बिडीच्या तंबाखूचा उपयोग नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही जण बंद गाड्यांतच गुदमरून गेले. अँबॅसिडरची काच हाताने फिरवून खाली होत असे. ही एवढीशी गोष्ट, पण अशा वेळी ती जिवाएवढी मोठी होते.

आमच्याकडे २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वरच्या बाजूला शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलेलं, खाली गोसीखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडलेले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, सगळीकडे गावं पाण्यात आणि रस्ते बंद. पूल उंच झाले, रस्ते रुंद झाले, तरी नदी अधूनमधून आपला जुना हक्क सांगतेच.

शेवटची अँबॅसिडर २०१४ च्या मे महिन्यात बाहेर पडली. तिच्या आठवणीने मी गळा काढणार नाही. तिची डागडुजी करताना ज्यांची कंबर गेली, त्यांना विचारा! पण तिच्याबरोबर रपट्यावर उतरून पाणी बघायची सवयही गेली, त्याचं वाईट वाटतं. जुनी गाडी मिळणं आता महाग आणि अवघड आहे. ही सवय मात्र कोणालाही फुकट ठेवता येते. श्रावणात इकडे येणार असाल तर जरूर या, धान हिरवंगार असतं. फक्त कडेचे दगड दिसेनासे झाले असतील तर गाडी बंद करा आणि चहा सांगा. नवेगावबांध काही पळून जात नाही.