सूडकथेंतील हंसूं

एरंडोलचा पांडववाडा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. एरंडोल म्हणजेच एकचक्रा नगरी, आणि जवळच पद्मालयाच्या रानांत भीमानें बकासुर मारिला, अशी आम्हां खानदेशकरांची जुनी समजूत आहे. हा इतिहास नव्हे; परंतु त्या कथेंतील एक प्रसंग मोठा मार्मिक आहे. राक्षसासाठीं नेलेला गाडाभर भात भीम स्वतःच खात बसतो. राक्षस मागून गुद्दे हाणतो, तरी हा घास थांबवीत नाहीं. मुलें पोट धरून हंसतात. वास्तविक त्या गाड्याबरोबर त्या दिवशीं एका गरीब ब्राह्मणाच्या घरांतील कोणीतरी मरावयास जाणार होतें.

कीचकवधांत हीच जोडणी अधिक दारुण होते. भर सभेंत कीचकानें सैरंध्रीला लाथ मारिली. विराटाला त्याला शासन करण्याचें धैर्य झालें नाहीं, आणि धर्मराजानें भीमाला आवरून धरिलें. पुढें नृत्यशाळेच्या काळोखांत नटूनथटून आलेला कीचक, प्रिया समजून, निजलेल्या भीमाशींच लाडिक बोलूं लागतो. आपण हंसतों न हंसतों तोंच त्याच्या देहाचा गोळा झालेला असतो.

१९०७ सालीं खाडिलकरांनीं हें कथानक रंगभूमीवर आणिलें. कीचकाच्या ठायीं लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही दिसला, आणि १९१० सालीं नाटकावर बंदी आली. पुढें १९२० सालीं कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं ‘सैरंध्री’ हा मूकपट काढिला. त्यांतील वधाचा देखावा इतका खरा भासला कीं, प्रेक्षकांत किंकाळ्या उठल्या, कोणी मूर्च्छित पडलें, असें सांगतात. अखेर त्यावर कात्री चालली.

पंचावन्न वर्षांनीं, १९७५ सालीं, अमेरिकन गुराखीपटांच्या धर्तीवर निघालेल्या ‘शोले’चीही तीच गत झाली. ठाकूर गब्बरला ठार मारतो, हा मूळचा शेवट सेन्सॉर मंडळानें बदलावयास लाविला. परंतु मरणांतून वांचल्याच्या आनंदांत तीन साथीदारांना गब्बर खदखदां हंसवितो आणि हंसतां हंसतांच गोळ्या घालतो, तो प्रसंग तसाच राहिला. (आपल्या विजू खोटे यांचा कालिया त्या तिघांतलाच.) माझ्या मतें सबंध चित्रपटांत त्याहून भीषण कांहीं नाहीं.

कीचक मेल्यावर काय झालें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. त्याच्या भावांनीं सैरंध्रीला प्रेताबरोबर जाळण्यासाठीं बांधून नेलें. भीमानें तिला सोडविलें. ती परत आली, तेव्हां लोक तिला भिऊन वाट सोडूं लागले; आणि राजानें राणीकरवीं निरोप धाडिला कीं, आतां तूं हें नगर सोडून जा. तिनें आणखी तेरा दिवसांची मुदत मागितली.