बॉम्बे हाय: उपसलेलं तेल आणि खडकातच राहिलेलं तेल

पोस्ट थोडी मोठी आहे, पण डिझेल भरणाऱ्या आणि बोअर मारणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

1972 चा दुष्काळ आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. त्यातून सावरतोय तोच ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल आवळलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरवरून साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला. नेमक्या त्या वेळी, फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात ओएनजीसीच्या 'सागर सम्राट' या रिगला तेल लागलं. तेच बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय.

21 मे 1976 ला तिथून तेल यायला सुरुवात झाली. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. त्याच वर्षी पैठणला जायकवाडीचं उद्घाटन झालं. म्हणजे मराठवाड्याला नाथसागर आणि देशाला समुद्रातलं तेल, दोन्ही एकाच वर्षातलं.

पुढची दहा वर्षं चैनीची गेली. ऐंशीच्या दशकात एकट्या बॉम्बे हायमधून दिवसाला साडेचार लाखांहून जास्त पिंपं तेल निघत होतं. 1985 च्या सुमारास देशाच्या गरजेचा जवळपास दोन तृतीयांश भाग आपण घरच्या तेलावर भागवत होतो. आज पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. मधल्या काळात गाड्या वाढल्या, ट्रॅक्टर वाढले, हे खरंच. पण विहिरीही थकल्या. का थकल्या, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

तेल जमिनीखाली हौदासारखं साठलेलं नसतं. ते खडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी असावं तसं असतं. बॉम्बे हायला हा खडक म्हणजे चुनखडी. विहीर पाडली की आतल्या दाबाने तेल आपोआप वर येतं. उपसत गेलं की दाब उतरतो, तेलातला वायू सुटायला लागतो आणि तेल मागेच राहतं. म्हणून काढलेल्या तेलाच्या जागी पाणी भरून दाब टिकवावा लागतो. बॉम्बे हायला हे पाणी भरणं 1984 मध्ये सुरू झालं, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यानंतर आठ वर्षांनी. देशाला तेलाची घाई होती, उपसा जोरात चालू होता. नव्वदच्या सुरुवातीला त्याचे परिणाम दिसले. 1989-90 मध्ये देशाचं तेल उत्पादन सुमारे 3 कोटी 40 लाख टन होतं, ते 1992-93 पर्यंत 2 कोटी 70 लाख टनांवर आलं. बॉम्बे हायच्या कितीतरी विहिरी मधेच बंद ठेवाव्या लागल्या.

बरं, पाणी भरूनही सगळं तेल निघत नाही. जगभरचा अंदाज असा की शंभर पिंपांतली तीस-पस्तीस निघतात, बाकी खडकालाच चिकटून राहतात. तेलकट कढईवर नुसतं पाणी ओतून बघा, पाणी वरून निघून जातं आणि तेल जागेवरच. कढईला साबण लागतो, तसाच खडकालाही लागतो. साबणात जो मूळ पदार्थ काम करतो त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो तेल आणि पाणी यांच्यातला ताण कमी करतो, मग अडकलेला थेंब सुटतो आणि छिद्रातून पुढे सरकतो. आपल्या आज्या रिठ्याने केस आणि कपडे धुवायच्या, तेही हेच. रिठ्यातल्या सॅपोनिनवर तेलासाठी प्रयोगशाळेत प्रयोगही झाले आहेत.

अडचण अशी की हा महागडा साबण तेलाऐवजी खडकालाच चिकटून वाया जातो. शिवाय बॉम्बे हायखाली शंभर अंशांच्या पुढे उष्णता आणि पाणी खारट. तिथे साधे सर्फॅक्टंट टिकत नाहीत. इथे नॅनोकण येतात. सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, पण इतके बारीक की खडकाच्या छिद्रांतून आरपार जातात. ते खडकाच्या पृष्ठभागावर बसतात, त्यामुळे खडक तेलाऐवजी पाणी धरायला लागतो आणि साबणही कमी वाया जातो. कोलंबियात नॅनोकणांच्या चाचण्या प्रत्यक्ष विहिरींवर झाल्या आहेत. आपल्याकडे हे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. सर्फॅक्टंट, अल्कली आणि पॉलिमर एकत्र वापरण्याचा प्रयोग मात्र ओएनजीसीने गुजरातच्या विराज क्षेत्रात केलेला आहे, आणि राजस्थानच्या मंगला क्षेत्रात पॉलिमर मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. 2018 मध्ये केंद्राने अशा पद्धतींना सवलती देणारं धोरणही आणलं. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायचं उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक भागीदार नेमलं. म्हणजे आधी आठ वर्षं न भरलेल्या पाण्याची किंमत आपण पन्नास वर्षांनीही मोजतोय.

आता कोणी म्हणेल, लातूर-नांदेडला तेल कुठंय? नाहीच. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल छिद्र पाडून तपासणी झाली. 338 मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाचा जेमतेम 8 मीटर थर, मग थेट जुना कठीण खडक. तेल तयार व्हायला गाळाचे जाड थर लागतात, ते तिथे नाहीत.

पण आपल्याही खडकात एक साठा आहे, पाण्याचा. तोही आपण तसाच उपसला. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा जास्त खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय, आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंदी आहे. आपल्याकडे सातशे-आठशे फूट ही गप्पांतली नेहमीची भाषा झालीय. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते विसरायला नको.

तेलवाल्यांना उशिरा का होईना कळलं की काढायचं तर भरावंही लागतं. त्यांच्या खडकात तेल परत तयार व्हायला लाखो वर्षं लागतील. आपल्याला तर दरवर्षी वरून पाऊस मिळतो, फक्त तो मुरवायचा आहे. पाणी आटलं की त्याला बाहेर काढणारा कुठला साबण नाही आणि नॅनोकणही नाहीत.

तुमच्या गावात बोअर किती फुटांवर गेलंय? आणि पुनर्भरण किती घरांनी केलंय? कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघू.