तापलेलें एंजिन



बोरघाट चढतांना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली, वाफ सोडणारी मोटार आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिली असेल. शेजारीं रिकामा डबा घेऊन पाण्याच्या शोधांत निघालेला चालकही पाहिला असेल. हें दुखणें नवें नाहीं. मोटारीचें आणि त्याचें वय एकच आहे.

इंधनाच्या उष्णतेपैकीं थोडाच भाग चाकांपर्यंत पोंचतो. कांहीं धुराबरोबर जाते. उरलेली बाहेर काढली नाहीं तर वंगण जळतें आणि दट्ट्या फुगून नळकांड्यांत अडकतो. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडींत साधा तोडगा योजला होता. नळकांड्याभोंवतीं पाणी ठेवावें आणि तें उकळून जाऊं द्यावें! १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बेर्था दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारें १०० किलोमीटर, त्या गाडीनें गेली. वाटेंत मिळेल तेथें तिला पाणी भरून घ्यावें लागलें.

विल्हेल्म मायबाख यानें हा प्रश्न वेगळ्या रीतीनें सोडविला. १९०० सालच्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीसाठीं त्यानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यांत ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा आणि भोंवतालून पाणी. मागें पंखा होता. त्यामुळें पूर्वीच्या निम्म्या पाण्यांत काम भागूं लागलें. पुढें पाणी खेळविणारा पंप, पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट आणि आंत दाब राखणारें झांकण हीं सर्वत्र रूढ झालीं.

हाच इतिहास समोर ठेवला म्हणजे रोगाचें निदान होतें. पाणी कमी झालें असेल तर गळती शोधावी. गर्दींत गाडी तापते, पण वेगांत निवते, तर पंख्याकडे पाहावें. वेगांतही तापत असेल, तर रेडिएटर चोंदला असण्याचा संभव. एंजिन तापलें, पण वरची रबरी नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट अडकला असावा किंवा पंप थांबला असावा. पंपाचा पट्टा तुटला आहे काय, तेंही पाहावें.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दाबाखालीं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाहीं. झांकण काढतांच तें एकदम उसळतें व हातातोंडाला भाजतें. म्हणून एंजिन बंद करून तें पुरतें निवेपर्यंत झांकणाला हात लावूं नये. तापल्या एंजिनांत थंड पाणीही ओतूं नये. धातूला तडा जातो.

बेर्थाला पाणी कोठें गेलें हें ठाऊक होतें. तें तिच्या डोळ्यांदेखत वाफ होऊन जात होतें. आपल्याला मात्र उष्णतेची वाट कोठें अडली तें शोधावें लागतें. नुसतें पाणी ओतून पुढें निघालेली गाडी पुढच्या चढावर पुन्हा उभी राहते.