माजी सैनिक कल्याण (मावळ-लोणावळा)
पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात निवृत्त सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेली शासकीय मदतव्यवस्था. लोणावळ्यात १९४५ पासून ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. मात्र पेन्शनखेरीज बहुतेक कामे पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होतात. ध्वजदिन निधीतून मदत, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून उपचार (२००३ पासून) व राज्याची घरपट्टी माफी (२०२०) हे प्रमुख लाभ. खरी अडचण कागदांची. डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव एक, आधारवर दुसरे. सैनिक गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन तिथेच अडते. आंदर मावळातील वृद्ध विधवेने नावाच्या दुरुस्तीसाठी पुण्याला खेटे घालणे अन्यायाचे आहे. वडगावच्या तहसील कचेरीतच ठरावीक दिवशी ही दुरुस्ती व्हायला हवी, तीही सैनिक हयात असताना.