लोकमान्यांच्या शिक्षेची बाकी : एक कालगणना

राजद्रोहाच्या दोन शिक्षांत मिळून लोकमान्य टिळकांनीं किती काळ कारावास भोगला, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ बेरजेचा आहे. परंतु पहिली सुटका सशर्त होती. सबब माफ झालेली बाकी पुढें वसूल झाली कीं नाहीं, याचा निर्णय आधीं केला पाहिजे. तो आम्ही मित्यांवरून करितों.

ता. १४ सप्टेंबर १८९७ रोजीं न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. तिची अखेर १३ मार्च १८९९. सुटका मात्र ६ सप्टेंबर १८९८ रोजीं झाली. म्हणजे भोग ११ महिने २४ दिवस, बाकी ६ महिने ७ दिवस. सुटकेच्या अटी दोन : सुटकेनिमित्त कसल्याही समारंभांत भाग घेऊं नये, आणि सरकाराविषयीं अप्रीति उत्पन्न करूं नये. अट मोडल्यास माफी रद्द होऊन उरलेली शिक्षा भोगावी लागणार होती. दुसऱ्या अटीचा भंग न्यायालयानें गुन्हा ठरविला तरच मानावा, असा खुलासा टिळकांनीं मान्यतापत्रांत घातला होता.

ता. २२ जुलै १९०८ रोजीं न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षें काळेंपाणी दिलें. पुढें त्याचें साध्या कैदेंत रूपांतर झालें. अटीचा भंग तर आतां न्यायालयानेंच ठरविला. बाकी जोडली असती तर मुदत २१ जुलै १९१४ ऐवजीं २८ जानेवारी १९१५ रोजीं संपती. परंतु टिळक १६ जून १९१४ च्या रात्रीं पुण्यास आपल्या घरीं पोंचले. सहा वर्षेंच पुरीं झालीं नव्हतीं. मग बाकी वसूल झाली नाहीं, हें उघड आहे. ऑगस्ट १९१४ तील त्यांचें महायुद्धाविषयींचें पत्र म्हणूनच बंदिवानाचें नव्हे, मुक्त पुरुषाचें आहे.

एकूण भोग ६ वर्षें १० महिने २० दिवस. १९०८ त निकालापूर्वीं कोठडींत गेलेले २८ दिवस यांत धरलेले नाहींत. कच्च्या कैदेची वजावट देणारा नियम १९७३ च्या कायद्यानें आला.

इतर बंदिवानांच्या कागदांसही हीच रीत लावावी. मात्र आमच्या परळीप्रमाणें जो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, तेथील कागदांत फसली सन आढळतो. तो आधीं इसवींत आणून मग गणित मांडावें.

परळी वैजनाथ