दारावरचा लाल कागद : कोबे, 1995

मागच्या व्याख्यानात आपण किल्लारीपाशी थांबलो होतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. त्या भूकंपानंतर 52 गावं दुसऱ्या जागी वसवली गेली, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जी घरं पडली नाहीत, नुसते तडे गेले, त्यांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम संख्येनं त्याहून कितीतरी मोठं होतं. ते घरमालकानं स्वतः करून घ्यायचं आणि सरकारनं मदत हप्त्यांनी द्यायची, अशी योजना होती. त्यासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं, असं मी सांगितलं होतं. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, की इंजिनियर मराठी, गावकरी मराठी, मग मध्ये संवाद सहायक कशाला?

प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर शोधायला आज आपण किल्लारीनंतर साडेपंधरा महिन्यांनी झालेल्या दुसऱ्या एका भूकंपाकडे जाऊ. जपानमधलं कोबे शहर, 17 जानेवारी 1995, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं. 6,434 माणसं गेली. घरांचे आकडे नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. पूर्ण मोडलेली घरं सुमारे 1 लाख 5 हजार, अर्धी मोडलेली सुमारे 1 लाख 44 हजार आणि अंशतः नुकसान झालेली तब्बल 3 लाख 90 हजार.

कोबे शहरात नागाता नावाचा भाग आहे. अरुंद गल्ल्या, ‘नागाया’ म्हणजे एकाला एक लागून असलेल्या लाकडी घरांच्या रांगा. आपल्या बैठ्या चाळी डोळ्यांसमोर आणा, फक्त लाकडाच्या, आणि वर मातीत बसवलेली जड कौलं. आणि त्याच घरांमध्ये रबराच्या आणि कृत्रिम चामड्याच्या चपला-बूट बनवणारे छोटे छोटे कारखाने. या धंद्यात कोरियन वंशाची माणसं पूर्वीपासून होती. कोरिया जपानची वसाहत होता (1910 ते 1945) त्या काळात त्यांच्यातले अनेक जण आले. दुसरी लाट व्हिएतनामींची. 1975 नंतर होड्यांतून देश सोडून निघालेली ही माणसं. जपान सरकारनं 1979 मध्ये जवळच्याच हिमेजी शहरात त्यांच्यासाठी एक केंद्र उघडलं होतं. तिथं काही महिने भाषा शिकायची आणि बाहेर पडून काम शोधायचं. नागाताच्या कारखान्यांत काम मिळे, कारण शिलाई मशीनपुढे बसायला फारशी जपानी लागत नाही.

म्हणजे भाषेची अडचण भूकंपानं निर्माण केली नाही. ती आधीपासून होती, पण कामावर ती भासत नव्हती. शेजारी, मुकादम, शाळेत जाणारी मुलं यांच्या आधारानं दिवस निघत होते. घर मोडलं आणि एकाएकी रोज एक नवा कागद वाचायची वेळ आली.

पहिला कागद घराच्या दारावर चिकटलेला. भूकंपानंतर लगेच वास्तुतज्ज्ञ आणि इंजिनियर फिरू लागले. जपानमध्ये एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशी झटपट तपासणी पहिल्यांदाच झाली, सुमारे 46,000 इमारतींची. हिरवा कागद, पिवळा कागद, लाल कागद. आपल्याला वाटेल, रंगांना कुठली आली भाषा! लाल म्हणजे लाल. पण इथंच मेख आहे. लाल कागदावर ‘किकेन’ लिहिलेलं असे, म्हणजे धोका. त्याचा अर्थ एवढाच, की आत्ता या इमारतीत शिरू नका, पुन्हा धक्का बसला तर ती अंगावर येऊ शकेल. घर दुरुस्त होईल की नाही, याबद्दल तो कागद काहीच सांगत नव्हता. शेजारचं घर तुमच्या घरावर कलंडलेलं असेल, तरीही तुमच्या दारावर लाल कागद लागू शकतो. आणि हिरव्या कागदावर काय लिहिलेलं? ‘सुरक्षित’ नव्हे, तर ‘तपासणी झाली’. कागदाखाली बारीक अक्षरांत कारण लिहायची जागा होती. ते कारण वाचता आलं, तर कागद कामाचा. नाहीतर फक्त रंग उरतो, आणि नुसता लाल रंग माणसाला सांगतो, की संपलं, आता पाडा.

हा गैरसमज जपानी लोकांचाही झाला, हे लक्षात घ्या. त्याला आणखी एका गोष्टीनं बळ दिलं. मोडकी घरं सरकारी खर्चानं पाडून, राडारोडा उचलून देण्याची सोय त्या वेळी झाली. मात्र खाजगी घर पुन्हा उभं करायला सरकारी पैसा देता येत नाही, असं सरकारचं धोरण होतं. पाडायला पैसे आहेत, बांधायला नाहीत! दुरुस्त होऊ शकली असती अशीही घरं त्या वर्षी पडली, असं अनेक वास्तुतज्ज्ञ नंतर म्हणत राहिले. माझ्या मते ते बरोबर आहे. भाडेकरूंचं तर विचारूच नका. घर गेलं की भाड्याचा करारही गेला. आणि नागातात भाडेकरू पुष्कळ होते.

आता दुसरा कागद. याचं नाव ‘रिसाई शोमेई’, म्हणजे आपत्तीत नुकसान झाल्याचा दाखला. आपल्याकडच्या पंचनाम्याचा चुलतभाऊ म्हणा. महापालिकेचा माणूस येऊन घर पाहणार आणि त्या वेळच्या तीनांपैकी एक शेरा मारणार: ‘झेनकाई’ म्हणजे पूर्ण मोडलं, ‘हानकाई’ म्हणजे अर्धं मोडलं, किंवा ‘अंशतः नुकसान’. मदतनिधीचा वाटा, करात सूट, कर्ज, सगळं या शेऱ्यावर अवलंबून. आधी सांगितलेले आकडे म्हणजे या शेऱ्यांचीच बेरीज. शेरा पटला नाही तर पुन्हा पाहणी मागता येते. पण ती मागता येते हे कळायला पाहिजे, आणि कार्यालयात जाऊन ती कोणत्या शब्दांत मागायची, हेही कळायला पाहिजे. शिवाय दारावरचा लाल कागद आणि हा दाखला यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी मोजमापं. मराठीतसुद्धा हे समजावताना मला दोनदा सांगावं लागतंय!

आणि तातडीच्या दुरुस्तीची मदत? ती कायद्यात होती. 1947 च्या आपत्ती मदत कायद्याखाली तेव्हा तरतूद होती, की ज्याचं घर अर्धं मोडलं आणि स्वतःच्या पैशानं नीट करायची ऐपत नाही, त्याचं छप्पर, स्वयंपाकघर, संडास असा राहण्यापुरता भाग सरकारनं दुरुस्त करून द्यावा. रोख पैसे हातात नाहीत, काम करणाऱ्या कंत्राटदाराला परस्पर पैसे. तेव्हा मुदत एक महिन्याची होती, फार तर वाढवून घ्यायची. आता विचार करा. थंडीत शाळेच्या हॉलमध्ये झोपलेला, निम्मं जपानी कळणारा माणूस एका महिन्यात दाखल्याचा अर्थ लावणार, अर्जाची खिडकी शोधणार, कंत्राटदाराशी बोलणार. बहुतेकांनी काय केलं असेल? छपरावर निळी ताडपत्री ओढली आणि वाट पाहिली. भूकंपानंतरची कोबेची हवाई छायाचित्रं पाहिलीत तर निळा रंग सगळीकडे दिसतो.

आता जरा मागे जायला हवं, कारण कोरियन लोकांच्या मनात या वेळी एक जुनी भीती होती. 1 सप्टेंबर 1923 रोजी तोक्यो-योकोहामाला मोठा भूकंप झाला. कोरियन लोक विहिरींत विष घालतायत, आगी लावतायत, अशा अफवा उठल्या. काठ्या-भाले घेतलेली टोळकी रस्ते अडवून उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द जपानीत म्हणायला लावत. कोरियन जिभेला त्यातले उच्चार जमत नाहीत, म्हणून. ज्याचा उच्चार चुकला, तो मारला गेला. हजारो माणसं अशी मेली, कोरियन, शिवाय चिनी, आणि बोली वेगळी असलेले काही जपानीसुद्धा. त्यामुळे 1995 मध्ये नागाताच्या वयस्क कोरियन माणसांना भूकंपाइतकीच अफवांची धास्ती वाटली असेल, तर नवल नाही.

त्या वेळी तसं काही झालं नाही. उलट, 30 जानेवारीला, म्हणजे भूकंपाला दोन आठवडे होत नाहीत तोच, नागातात एक छोटं रेडिओ केंद्र सुरू झालं. नाव ‘एफएम योबोसेयो’. योबोसेयो म्हणजे कोरियनमध्ये फोनवरचं ‘हॅलो’. परवाना नव्हता, आवाजही जेमतेम आसपासच्या वस्तीपुरता पोचायचा. रेडिओच का? तर पहिल्या पिढीतल्या कोरियन आजींना जपानी बोलता येई, पण लिहिता-वाचता येत नसे. सूचनाफलक त्यांच्या उपयोगाचा नव्हता, पण कानाला ऐकू येतं. पुढे एप्रिलमध्ये ताकातोरी चर्चच्या आवारातून व्हिएतनामींसाठी दुसरं केंद्र निघालं. जुलैत दोन्ही एकत्र आली आणि ‘एफएम वाय-वाय’ झालं. भूकंपाच्या पहिल्या वर्षदिनी, 17 जानेवारी 1996 ला, त्याला रीतसर परवाना मिळाला. बातम्यांत काय असे? पाणी कुठं मिळतंय, कुठला अर्ज कुठं द्यायचा, मुदत कधी संपतेय. ओसाकात 22 जानेवारीपासून स्वयंसेवकांनी परदेशी लोकांसाठी फोनवर अनेक भाषांत माहिती द्यायला सुरुवात केली होती, तिथंही असेच प्रश्न.

आता घराचंच एक उदाहरण. नागातातल्या उद्यानांत बरेच व्हिएतनामी तंबू ठोकून राहिले होते. सरकारनं 48,000 च्या वर तात्पुरती घरं बांधली, पण त्यांतली पुष्कळशी शहराबाहेर नाहीतर भराव टाकून केलेल्या बेटांवर. तिथं गेलं की काम सुटतं, आणि आपली भाषा बोलणारा शेजारीही सुटतो. म्हणून ते हलेनात. आजूबाजूच्या लोकांना वाटू लागलं, की आता इथं झोपडपट्टी होणार. तेव्हा शिगेरू बान हे वास्तुविशारद ताकातोरी चर्चमध्ये आले. बिअरच्या रिकाम्या क्रेटमध्ये वाळू भरून पाया, जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या भिंती, वर तंबूचं कापड. विद्यार्थी स्वयंसेवकांनी ही कागदी घरं उभी केली. लोक जिथं होते तिथंच. हेच घर पुढे 2001 मध्ये भूजला आलं. तिथं पाया झाला पडलेल्या घरांच्या राड्यारोड्याचा आणि छप्पर बांबू-चटयांचं. बान यांना 2014 मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं.

कोबेत भारतीयही होते, हे सांगायला हवं. सिंधी, गुजराती व्यापारी. त्यांतले काही 1923 च्या भूकंपानंतर योकोहामा सोडून इथं आलेल्यांचे वारस. पण त्यांची अडचण वेगळ्या जातीची होती. इंग्रजी वर्तमानपत्र होतं, वकिलाती होत्या, इंग्रजी बोलणारा जपानी शोधला तर सापडत होता. सरकारी कचेऱ्यांनी ‘परदेशी भाषेत माहिती’ म्हणून जे काही छापलं, त्यात इंग्रजीचा नंबर पहिला. नागाताच्या कारखान्यातल्या बाईला इंग्रजीचा काय उपयोग?

हाच प्रश्न हिरोसाकी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ काझुयुकी सातो यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. भाषांतर किती भाषांत करणार, आणि पहिल्या तीन दिवसांत भाषांतरकार आणणार कुठून? त्यांनी प्रश्न उलटा केला. या लोकांना थोडी जपानी येते. बाजारात, कामावर ते ती बोलतात. मग त्यांना कळत काय नाही? तर फक्त संकटाच्या वेळी वापरली जाणारी जपानी. ‘हिनान’ म्हणजे स्थलांतर, हा शब्द रोजच्या बोलण्यात येत नाही. ‘पळा’ हा येतो. ‘पाणीपुरवठा वाहन’ कळत नाही, ‘पाणी वाटणारी गाडी’ कळते. यातून ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, उभी राहिली. वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट, शब्द शिकाऊ माणसाच्या आवाक्यातले.

आणि आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येऊ. किल्लारीच्या गावकऱ्याला मराठी येत होती. ‘माळवद’ हा शब्द त्याचा स्वतःचा होता. पण ‘मजबुतीकरण’, ‘अंशतः बाधित’, ‘हप्ता क्रमांक दोनसाठी पात्र’ ही मराठी त्याची नव्हती. भिंतीच्या आरपार लांब दगड बसवायचा म्हणजे तिचे दोन थर सुटत नाहीत, हे इंजिनियरला आकृतीत दिसत होतं. ते अंगणात बसून, हातानं दाखवून सांगणारं कोणीतरी लागत होतं. नागातात हे काम रेडिओनं केलं, किल्लारीत त्या बायकांनी. सरकारी भाषा ही सगळ्यांसाठीच थोडीफार परकी असते, असं मला वाटतं. फरक इतकाच, की व्हिएतनामी माणसाला ती पहिल्याच ओळीला अडते आणि आपल्याला तिसऱ्या.

पुढं काय झालं तेही सांगतो. नागरिकांच्या चळवळीनंतर 1998 मध्ये जपानमध्ये आपत्तीग्रस्तांना रोख मदत देणारा कायदा आला. पण ते पैसे घर बांधायला वापरता येत नसत. ती अट जायला 2007 उजाडलं. एफएम वाय-वायनं 2016 मध्ये परवाना परत केला आणि इंटरनेटवरून कार्यक्रम सुरू ठेवले. सोप्या जपानीची मार्गदर्शिका सरकारनं स्वतः 2020 मध्ये काढली. आता भूकंप किंवा पूर आला, की कितीतरी नगरपालिका आपल्या सूचना सोप्या जपानीतही देतात. त्यांत ‘रिसाई शोमेई’ हा शब्द तसाच ठेवतात, कारण खिडकीवर तोच विचारावा लागतो, आणि पुढे लगेच अर्थ सांगतात: तुमचं घर मोडलं आहे, हे सांगणारा कागद.