खासगी गाईड घेऊन हंपी पाहायचंय? मग आधी हे वाचा!

खिशात ५० रुपयांची नवी निळसर नोट असेल तर काढून मागची बाजू बघा. त्यावर जो दगडी रथ दिसतो तो हंपीचा. हंपीला जाणारा प्रत्येक जण या रथासमोर उभा राहून फोटो काढतोच. पण हा रथ म्हणजे खरं तर रथ नाही, तो एकाच दगडातून कोरलेलाही नाही आणि त्याच्यापुढचे हत्ती मूळचे तिथले नाहीत, हे किती जणांना माहीत असतं?

हंपीत गाईड घ्यायचा तो अशा गोष्टी कळाव्यात म्हणून. मात्र गाईड जे सांगतो त्यात पुरावा असलेला इतिहास असतो, लोककथा असते आणि कधीकधी पर्यटकांना आवडतं म्हणून जोडलेला मसालाही असतो. हे तिन्ही वेगळं कसं ओळखायचं? महत्त्वाच्या ठिकाणांच्या क्रमानेच ते समजून घेऊया.

हंपी म्हणजे नेमकं काय?

कर्नाटकातल्या विजयनगर जिल्ह्यात, तुंगभद्रेच्या काठी हंपी आहे. पंपाक्षेत्र म्हणून हे तीर्थस्थान फार जुनं. पुढे १३३६ च्या सुमारास हरिहर आणि बुक्क या भावांनी विजयनगर राज्याचा पाया घातला आणि इथे राजधानी उभी राहिली. संगम, साळुव आणि तुळुव या घराण्यांनी इथून राज्य केलं. कृष्णदेवरायाचा काळ १५०९ ते १५२९.

त्याच काळात आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने हे शहर आपल्याला रोमइतकं मोठं वाटलं असं लिहून ठेवलं आहे. आज त्या शहराचे १६०० पेक्षा जास्त अवशेष सुमारे ४२ चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. १९८६ पासून हंपी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

एवढ्या मोठ्या परिसरात स्वतः फिरलं तर मंदिरं दिसतात, पण शहर दिसत नाही. बाजार कुठे होता, राजा कुठे राहायचा, पाणी कुठून यायचं, हे एकमेकांशी जोडून दाखवायला माहीतगार माणूस लागतो.

गाईड कसा निवडायचा?

बसच्या सहलीत सगळ्यांसोबत पळावं लागतं. खासगी गाईड तुमच्या वेळेनुसार आणि आवडीनुसार थांबतो, हा मुख्य फरक. कर्नाटक पर्यटन विभागाचं प्रशिक्षण घेतलेल्या गाईडांकडे ओळखपत्र असतं. ते आधी बघायला मागा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

ठरवताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: अर्धा दिवस की पूर्ण, कोणकोणती ठिकाणं, भाषा कोणती, आणि पैशांत रिक्षा धरली आहे की वेगळी. हिंदी आणि इंग्रजी बोलणारे गाईड सहज मिळतात. मराठीत सांगणारा हवा असेल तर आधीच चौकशी करा. दुकानांत नेऊ नका, हेही सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

शक्य असेल तर सुरुवात कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयापासून करा. तिथे संपूर्ण परिसराची प्रतिकृती आहे. ती पाहिली की पुढचे दोन दिवस डोक्यात नकाशा राहतो.

विरूपाक्ष मंदिर: जिथे पूजा थांबली नाही

हंपीतलं हे मुख्य जागतं देवस्थान. पूर्वेचं नऊ मजली गोपुर साधारण ५० मीटर उंच आहे. कृष्णदेवरायाने १५१० मध्ये आपल्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने इथे मंडप बांधला, असं मंदिरातला शिलालेख सांगतो. मंडपाच्या छतावरची चित्रं मान वर करून पाहाच.

गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते. काही जण याला चमत्कार म्हणतात. प्रत्यक्षात लहान छिद्रातून प्रकाश आत आला की समोरच्या वस्तूची उलटी प्रतिमा पडते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. पूर्वीचे पेटीसारखे कॅमेरे याच तत्त्वावर चालायचे.

दोन गणपती आणि एक नरसिंह

मंदिराशेजारी हेमकूट टेकडी आहे. तिथल्या मोठ्या गणपतीला कडलेकाळू म्हणजे हरभऱ्याएवढा, तर लहान गणपतीला सासिवेकाळू म्हणजे मोहरीएवढा म्हणतात. 'हरभरा' साधारण साडेचार मीटर उंच आहे आणि 'मोहरी' अडीच मीटरच्या आसपास! मोहरीच्या गणपतीच्या मागे जाऊन बघा. मागून एका स्त्रीची पाठ आणि वेणी दिसते, म्हणजे गणपती पार्वतीच्या मांडीवर बसलेला आहे. गाईड नसेल तर बहुतेक जण समोरून फोटो काढून निघून जातात.

थोडं पुढे ६.७ मीटर उंचीचा नरसिंह आहे. १५२८ मध्ये एकाच प्रचंड शिळेतून तो कोरला. बटबटीत डोळ्यांमुळे सगळे त्याला 'उग्र नरसिंह' म्हणतात. पण मूळ मूर्ती लक्ष्मी-नरसिंहाची होती. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, तिचा एक हात मात्र नरसिंहाच्या पाठीवर अजून आहे. गाईडला तो हात दाखवायला सांगा. तो पाहिल्यावर ही मूर्ती उग्र वाटत नाही.

राजवाड्याचा परिसर: नावांवर जाऊ नका

हंपीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. राणीचं स्नानगृह, कमल महाल, जनाना, हत्तीखाना ही नावं विजयनगरच्या काळातली नाहीत. शहर ओसाड पडल्यावर, बऱ्याच नंतर आलेल्या लोकांनी इमारतींचा आकार पाहून ती अंदाजाने दिली.

उदाहरणार्थ, कमल महालात राण्या राहत होत्या असा ठोस पुरावा नाही. एका जुन्या नकाशात त्याच इमारतीला मंत्रणागृह म्हटलं आहे. 'जनान्या'च्या अगदी शेजारी अकरा दालनांचा हत्तीखाना कसा, असा प्रश्न अभ्यासकांनाही पडला आहे. म्हणून गाईड "इथे राणी बसायची" म्हणाला की ते अंदाज म्हणून ऐकायचं.

याउलट काही जागा स्वतःच बोलतात. महानवमी दिब्बा या उंच चौथऱ्यावर शिकार, नर्तकी, घोडे आणि परदेशी व्यापारी कोरलेले आहेत. महानवमीच्या नऊ दिवसांच्या उत्सवाचं वर्णन पाएसने केलेलं आहे. हजारराम मंदिराच्या भिंतीवर रामायण ओळीने वाचता येतं, फक्त कुठून सुरुवात करायची ते गाईडला विचारा.

पाणी: हंपीची खरी कमाल

दिब्ब्याजवळची काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी १९८० च्या दशकातल्या उत्खननात सापडली. तिच्या दगडांवर कन्नड अक्षरांच्या खुणा आहेत. कोणता दगड कुठे बसवायचा, यासाठी त्या केलेल्या होत्या. तिच्याकडे येणारा दगडी पन्हाळींचा उंचावरचा पाटही अजून उभा आहे.

आजूबाजूला सगळीकडे ग्रॅनाइटचे उघडे खडक, आणि मध्येच केळीच्या हिरव्यागार बागा. हे पाणी तुंगभद्रेवरच्या बंधाऱ्यांतून आणि कालव्यांतून येतं. विजयनगरच्या काळातले काही कालवे आजही शेतं भिजवतात. बहुतेक सहलींमध्ये हा भाग गाळला जातो. गाईडला मुद्दाम सांगून एखाद्या कालव्याच्या काठाने चाला. एवढं मोठं शहर या खडकाळ जागी का टिकलं, त्याचं उत्तर तिथे मिळतं.

विठ्ठल मंदिर आणि पंढरपूरचं नातं

मराठी माणसासाठी हंपीतली ही सगळ्यात जवळची जागा. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती हंपीला नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा वारकरी परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आज हंपीच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, त्यामुळे ही कथा ऐकताना अंगावर काटा येतो.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे मंदिर कृष्णदेवरायाच्या आधीपासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून असल्याचं अभ्यासक मानतात. कृष्णदेवरायाच्या काळात त्यात मोठी भर पडली. त्यामुळे "पंढरपूरच्या मूर्तीसाठीच हे मंदिर बांधलं" असं कोणी सांगितलं तर ते जुळत नाही. भानुदासांची कथा श्रद्धेची आणि संतपरंपरेची आहे, मंदिराची तारीख शिलालेख आणि बांधणीवरून ठरते. दोन्ही आपापल्या जागी ठेवल्या तर कशालाच धक्का लागत नाही.

आता नोटेवरचा रथ. ते विष्णूच्या वाहनाचं, म्हणजे गरुडाचं छोटं मंदिर आहे. ते अनेक दगड जोडून बांधलंय, पण सांधे इतके सफाईदार आहेत की एकच शिळा वाटते. १८५६ मध्ये अलेक्झांडर ग्रीनलॉ याने काढलेल्या फोटोत या रथावर विटांचं शिखर दिसतं, जे आज नाही. पुढचे हत्ती नंतर आणून ठेवले आहेत. हत्तींच्या मागे नीट पाहिलं तर मूळच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या दिसतात.

समोरच्या मंडपातले 'संगीत खांब' वाजवून बघायची अनेकांना इच्छा होते, पण आता त्यांना हात लावायला मनाई आहे. हे खांब आतून पोकळ नाहीत. एकाच दगडातून मुख्य खांबाभोवती बारीक खांब कोरले आहेत आणि त्यांच्यावर हलकं टिचकवलं की ते कंप पावतात. वर्षानुवर्षं हजारो लोकांनी ठोकल्याने त्यांची झीज झाली. एखादा गाईड "गुपचूप वाजवून दाखवतो" म्हणाला तर सरळ नको म्हणा.

१५६५: शहर का संपलं?

जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर या सुलतानांच्या एकत्र फौजांपुढे रामरायाचा पराभव झाला. त्याचा शिरच्छेद अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने केला. त्यानंतर राजधानी लुटली गेली आणि राजघराणं पेनुकोंड्याला गेलं.

ही कथा बऱ्याचदा दोन धर्मांची लढाई म्हणून एका वाक्यात संपवली जाते. जमिनीवरचे पुरावे जास्त गुंतागुंतीचे आहेत. विजयनगरच्या सैन्यात मुस्लिम सैनिक आणि सरदार होते, शहरात त्यांची वस्ती होती, १४३९ ची एक मशीदही इथे आहे. कमल महाल आणि हत्तीखान्याच्या कमानी-घुमटांत सुलतानी शैली सरळ दिसते. रामराया स्वतः वर्षानुवर्षं सुलतानांच्या आपसातल्या भांडणांत एकदा याची तर एकदा त्याची बाजू घेत होता. आणि विध्वंसही सगळीकडे सारखा नाही: विठ्ठल मंदिरात जाळपोळीच्या खुणा आहेत, विरूपाक्षात मात्र पूजा चालू राहिली. चांगला गाईड हे सगळं सांगतो.

उद्ध्वस्त शहरातली जिवंत माणसं

विरूपाक्षासमोरच्या बाजारातल्या जुन्या दगडी ओसऱ्यांमध्ये अनेक वर्षं कुटुंबं राहत होती, दुकानं आणि खानावळी चालवत होती. जुलै २०११ मध्ये वारसा जपण्यासाठी म्हणून त्यांना तिथून हटवण्यात आलं आणि घरं पाडली गेली. बाजारपेठ मोकळी झाली, पण शतकानुशतकं बाजार असलेल्या जागेतून बाजारच गेला. वारसा फक्त दगडांचा की त्यात राहणाऱ्यांचाही, हा प्रश्न तिथे अजून आहे. गाईड स्थानिक असेल तर त्याला याबद्दल जरूर विचारा.

दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये काही तरुणांनी हंपीत एक खांब ढकलून पाडल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी ७० हजार रुपये दंड केला आणि तो खांब पुन्हा उभा करायला लावला. रीलसाठी खांबांवर, मूर्तींवर चढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

जाण्यापूर्वी एवढं बघा

• जवळचं मोठं रेल्वे स्थानक होसपेटे, हंपीपासून साधारण १३ किलोमीटर. सोलापूरकडून गाडीने येत असाल तर विजापूरमार्गे होसपेटे.
• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात खडक तापतात, दुपारी चालणं अवघड होतं.
• किमान दोन दिवस ठेवा. एक दिवस विरूपाक्ष, हेमकूट आणि नदीकाठ. दुसरा दिवस राजवाड्याचा परिसर आणि विठ्ठल मंदिर.
• विठ्ठल मंदिराच्या साधारण एक किलोमीटर आधी वाहनं थांबतात. पुढे बॅटरीवरच्या गाडीने किंवा चालत जावं लागतं.
• विठ्ठल मंदिर आणि कमल महाल परिसराला तिकीट आहे. एकच तिकीट त्या दिवशी दोन्हीकडे चालतं, म्हणून ते जपून ठेवा.

गाईडला विचारायचे चार प्रश्न

१. हे नाव त्या काळातलं आहे की नंतर पडलं?
२. हे शिलालेखात आहे, प्रवाशाने लिहिलंय की लोक सांगतात?
३. इथला कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर दुरुस्त केलेला?
४. इथे पाणी कुठून यायचं?

जाणकार गाईडला असे प्रश्न आवडतात, कारण पाठ केलेल्या गोष्टींपलीकडचं बोलायची संधी त्याला मिळते. आणि ज्याला एखाद्या प्रश्नावर "हे नक्की माहीत नाही" म्हणता येतं, त्याच्या बाकीच्या माहितीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.